हळदीच्या दुधात मिरी घालण्याला काही आधार आहे का, आणि येसरात (आमटीसाठी भाजलेल्या डाळी-धान्यांच्या मसालेदार पिठात) ती कशासाठी असते?

हो, आधार आहे: मिरीला तिखटपणा देणारे पायपरीन हे द्रव्य हळदीतील कर्क्युमिनचे आतड्यात व यकृतात होणारे विघटन मंदावते, त्यामुळे एरवी जेमतेम शोषले जाणारे कर्क्युमिन रक्तात अधिक पोहोचते. कपभर दुधाला दोन-तीन दाणे पुरेत, तेही आयत्या वेळी ठेचलेले. दळून ठेवलेल्या पुडीचा वास लवकर उतरतो. आपल्या मराठवाड्यात येसर करताना भाजलेल्या डाळी-धान्यांसोबत मिरी पडते ती मुख्यतः चवीसाठी, कारण मिरचीचा जाळ जिभेवर चढतो, तर मिरीची ऊब आमटीचा भुरका गिळल्यावर घशात जाणवते. मात्र पायपरीन फेनिटॉइनसारख्या फिट्सवरील औषधाचेही रक्तातील प्रमाण वाढवते, म्हणून फिट्सच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिरीचा रोजचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.