बर्फ फुटतो की वाहतो?

प्रश्न : आमच्या भागातल्या रसवंतीवर उन्हाळ्यात रोज सकाळी बर्फाची लादी येते. टोच्याचा एक घाव बसला की ती तडकन फुटते. मग हाच बर्फ हिमालयात नदीसारखा वाहतो म्हणतात, तो कसा? आतून थोडा वितळत असतो का? आणि प्रयोगशाळेत चार-आठ दिवस चालणाऱ्या चाचण्यांवरून हजारो वर्षे सरकणाऱ्या हिमनदीविषयी निष्कर्ष काढणे कितपत योग्य आहे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : फुटणे आणि वाहणे, दोन्ही खरे आहे, यांपैकी काय घडेल ते मुख्यतः ताण किती वेगाने पडतो यावर ठरते. टोच्याचा घाव क्षणार्धात बसतो, बर्फाच्या आतील रचनेला जुळवून घ्यायला उसंतच मिळत नाही आणि भेग पडते. तोच ताण हळूहळू आणि दीर्घकाळ राहिला, तर बर्फ घनरूपातच आकार बदलत जातो. त्यासाठी वितळण्याची गरज नसते. शून्याखाली २० अंशांवरही हे घडते, फक्त पुष्कळ संथ गतीने. काही हिमनद्या तळाशी पाण्याच्या पातळ थरावरून घसरतात हे खरे, पण ती वेगळी क्रिया आहे.

आपण बर्फाला गार समजतो, मात्र पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने तो अतिशय तापलेला घन पदार्थ आहे. उणे १० अंशांवरचा बर्फ निरपेक्ष मापनात (म्हणजे उणे २७३ अंशांना शून्य धरून) आपल्या वितळणबिंदूच्या सुमारे ९६ टक्क्यांवर असतो. ॲल्युमिनियमला तेवढेच वितळणबिंदूजवळ न्यायचे तर ते सुमारे ६२५ अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागेल. नागपूरजवळच्या वाडीतील ॲल्युमिनियम संशोधन केंद्रातील कोणालाही विचारा, त्या तापमानाला धातू भाराखाली हळूहळू वाकत जातो याचे त्यांना नवल वाटणार नाही.

आता एका स्फटिकाच्या आत पाहू. बर्फात ऑक्सिजनचे अणू षटकोनी कड्यांच्या थरांत मांडलेले असतात आणि या थरांना काटकोनात असलेली दिशा हा स्फटिकाचा मुख्य अक्ष होय. थरावरून थर सरकणे सोपे असते. अन्य कोणत्याही दिशेने स्फटिक सरकवायचा तर निदान ६० पट ताण लागतो, असे मोजमापांतून दिसले आहे. ही गोष्ट जेम्स मॅककॉनेल यांनी स्वित्झर्लंडमध्ये एकेका स्फटिकातून कापलेल्या पट्ट्या वाकवून दाखवली. १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी स्फटिकाची तुलना चिकट द्रवाने एकमेकांना चिकटवलेल्या अतिशय पातळ कागदांच्या गठ्ठ्याशी केली. संपूर्ण थर मात्र एकदम सरकत नाही. मांडणीतील रेषीय दोष थरातून पुढे पुढे जातात आणि प्रत्येक दोष पार झाला की स्फटिकाचा एक भाग दुसऱ्यावर अणूंच्या एका अंतराएवढा सरकतो.

हिमनदीत स्फटिक एकटा नसतो, आणि खरी गुंतागुंत येथेच सुरू होते. शेजारच्या प्रत्येक स्फटिकाचा अक्ष वेगळ्या दिशेला असतो. ज्याचे थर ताणाला अनुकूल आहेत तो सरकू पाहतो, पण प्रतिकूल दिशेचा शेजारी त्याला अडवतो. त्यामुळे दोघांच्या सीमेजवळ दोष साचतात, स्फटिक वाकतो आणि पुढे त्याच्यातच किंचित कललेले उपविभाग तयार होतात. बर्फ वितळणबिंदूच्या जवळ असेल तर सीमाही हलू लागतात. कमी दोष असलेला स्फटिक दोषांनी भरलेल्या शेजाऱ्यात शिरकाव करत त्याला गिळत जातो, आणि दोघांमधील सरळ सीमा वेडीवाकडी होते. नवे स्फटिकही जन्मतात. म्हणजे बर्फ वाहताना त्याची आतील घडण सतत नव्याने होत असते. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा थर सरकण्यापेक्षाही यातच आहे.

प्रयोगशाळेतील मोजमापांत ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांना केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांचे मार्गदर्शन लाभले. हिमोग्लोबिनच्या रचनेसाठी पुढे नोबेल मिळवणारे हे शास्त्रज्ञ १९३८ मध्ये आल्प्समधील हिमनदीचे स्फटिक तपासत होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ग्लेन यांनी बर्फाचे ठोकळे १ ते १० बार दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) ठेवून ते किती वेगाने दबतात हे मोजले, आणि १९५५ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार हा वेग ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. ताण दुप्पट झाला की वेग आठपट होतो. तापमानाचाही परिणाम मोठा आहे : उणे १० अंशांवरून शून्यापर्यंत येताना वेग सुमारे सातपट होतो.

आपला तिसरा प्रश्न नेमका वर्मावर बोट ठेवणारा आहे. प्रयोगशाळेत सेकंदाला दशलक्षांश भाग या वेगाने दाबले तर एक टक्का विरूपणाला, म्हणजे आकार तेवढा बदलायला, तीन तासही पुरेसे होतात. हिमस्तराच्या आत हा वेग त्याच्या दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी असतो, आणि तेवढ्याच विरूपणाला तीन वर्षांपासून काही शतकांपर्यंत काळ लागतो. कमी ताणाखाली, बारीक स्फटिकांच्या बर्फात, स्फटिकांच्या सीमांवरील घसरणही महत्त्वाची ठरते. गोल्ड्स्बी आणि कोलस्टेड या संशोधकांनी २००१ मध्ये अशा बर्फासाठी ताणाचा घातांक १.८ असल्याचे दाखवले, तर जास्त ताणाखाली तो ४ च्या आसपास जातो. त्यामुळे ३ हा आकडा मी निसर्गनियम मानत नाही. तो वेगवेगळ्या क्रियांचे मिश्रण एका सूत्रात बसवणारा, कामापुरता चांगला घातांक आहे.

तरीही प्रयोगशाळा निरुपयोगी ठरत नाही, कारण वेग जुळला नाही तरी खुणा जुळतात. ग्रीनलंडच्या माथ्यावर १९९२ मध्ये ३०२९ मीटर खोलपर्यंत काढलेल्या बर्फाच्या दंडगोलात वर अक्ष वाटेल त्या दिशांना आढळतात, तर खाली ते उभ्या दिशेभोवती एकवटत जातात. आडव्या घसरणीखाली, म्हणजे वरचा भाग खालच्यावरून सरकताना, प्रयोगशाळेतील नमुन्यांतही अक्षांची अशीच एकवट तयार होते आणि नमुना घसरणीच्या दिशेने कित्येक पट मऊ होतो.

रसवंतीवरची लादी वाहताना का दिसत नाही, हेही आता सांगता येईल. मीटरभर उंचीच्या उभ्या लादीच्या तळाशी दाब जेमतेम ०.१ बार असतो, आणि हिमनदीच्या तळाशी घसरणीचा ताण सुमारे १ बार. ढोबळ मानाने ताण दहावा, म्हणून वेग हजारावा. नागपूरच्या उन्हाळ्यात त्याआधी लादीच संपते! स्फटिक मात्र आपण घरी पाहू शकता. लादीतून काढलेली बर्फाची चकती गरम तव्यावर अलगद फिरवून एक-दोन मिलिमीटर जाड करावी, पुसून काचेवर ठेवावी, आणि लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावी. गॉगल फिरवून पडदा काळा दिसू लागला की प्रत्येक स्फटिक आपापल्या रंगात उठून दिसतो. जो काळाच राहतो त्याचा मुख्य अक्ष बहुधा सरळ आपल्याकडे वळलेला असतो.