एवढ्याशा हेपॅटायटिस बी विषाणूच्या आरएनएतून सात प्रथिनं कशी बनतात?

तुमचा प्रश्न असा आहे की या विषाणूचा डीएनए जेमतेम ३२०० अक्षरांचा, मग त्यातून सात प्रथिनं निघतात कशी, आणि डीएनएच्या विषाणूला आरएनएची एवढी गरज का पडते. शिकताना मीही इथेच अडकलो होतो, कारण मी प्रत्येक प्रथिनाचं जनुक वेगळं शोधत होतो. इथे एकच मजकूर आहे. वाचायला कुठून सुरुवात केली, यावर प्रथिन ठरतं.

यकृताच्या पेशीत शिरल्यावर विषाणूचा अर्धवट दुपदरी डीएनए केंद्रकात जातो आणि तिथे त्याचं पूर्ण, बंद वर्तुळ होतं. त्यालाच सीसीसीडीएनए म्हणतात. त्यावरून आरएनए उतरवण्याचं काम पेशीचंच आरएनए पॉलिमरेज २ हे प्रथिन करतं.

हे आरएनए साधारण ३५००, २४००, २१०० आणि ७०० अक्षरांचे असतात (डीएनए वर्तुळ असल्याने ३५०० वाले एका फेरीहून थोडे पुढे जातात). सुरुवात वेगवेगळी, शेवट मात्र सगळ्यांचा एकाच जागी. म्हणजे लहान आरएनए हे मोठ्याचंच शेपूट. रायबोसोम, म्हणजे पेशीचं प्रथिनं बांधणारं यंत्र, आरएनएच्या पुढच्या टोकाकडून येतो आणि सहसा भेटेल त्या पहिल्या ए-यू-जी या तीन अक्षरी खुणेपासून प्रथिन बांधू लागतो. टोक सरकलं की पहिला ए-यू-जी बदलतो. २४०० वाल्यातून मोठं एस (एस म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं प्रथिन), २१०० वाल्यांतून मधलं आणि लहान एस, ७०० वाल्यातून एक्स नावाचं प्रथिन.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ते ३५०० वाले. ते दोन प्रकारचे आहेत. एकाच्या पुढच्या टोकाला थोडी जास्त अक्षरं असतात आणि त्यांत एक जादा ए-यू-जी सापडतो. तिथून बनणारं प्रथिन काटछाट होऊन पेशीबाहेर पडतं. रक्ततपासणीतलं ई अँटिजेन ते हेच. दुसऱ्यात, म्हणजे प्रीजिनोमिक आरएनएत, तो ए-यू-जी नसतो, म्हणून त्यातून कवचाचं कोअर प्रथिन बनतं. याच आरएनएतून विषाणूचं स्वतःचं पॉलिमरेजही, म्हणजे डीएनए लिहिणारं प्रथिनही, बनतं! त्याची सुरुवात कोअरच्या मजकुरातच दडलेली आहे, फक्त वाचनाची चौकट, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट पाडण्याची जागा, वेगळी. बहुतेक रायबोसोम कोअरलाच थांबतात, थोडे सुरुवातीचे ए-यू-जी ओलांडून पुढे जातात. त्यामुळे कोअर भरपूर आणि पॉलिमरेज मोजकं बनतं. विषाणूला हवं तेच हे प्रमाण: एका कवचाला बहुधा २४० कोअर लागतात.

मग पॉलिमरेज ज्या आरएनएतून जन्मलं, सहसा त्याच्याच एप्सिलॉन नावाच्या वळशाला चिकटतं. दोघं मिळून कवचात बंद होतात आणि आत आरएनएवरून नवा डीएनए लिहिला जातो. समर्स आणि मेसन या शास्त्रज्ञांनी ही उलटी नक्कल १९८२ मध्ये बदकांमधल्या भाऊबंद विषाणूत दाखवली. आरएनएची गरज का, याचं उत्तर हेच: तो प्रथिनांचा आराखडाही आहे आणि पुढच्या डीएनएचा साचाही.

टेनोफोविर, एंटेकाविर ही औषधं हे उलटं लेखन रोखतात, पण केंद्रकातून आरएनए निघणं थांबवत नाहीत. म्हणून रक्तातला विषाणूचा डीएनए दिसेनासा झाला तरी एस अँटिजेन बराच काळ पॉझिटिव्ह राहतं. असा रिपोर्ट पाहून औषध लागू पडत नाही असं समजू नका, आणि डॉक्टरांना न विचारता ते बंद तर मुळीच करू नका.