पदवीप्रदान समारंभाचं तात्पुरतं काम मुलीने घ्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या विद्यापीठाला पदवीप्रदान समारंभासाठी सहा आठवड्यांकरता तात्पुरते विद्यार्थी सहायक हवे आहेत. पैसे तासावर मिळणार आहेत. ती हट्टाला पेटली आहे. खुर्च्या मांडायच्या आणि पाहुण्यांना जागा दाखवायची, यात कसलं आलंय करिअर, असं मला वाटतं. त्यापेक्षा माझ्या परिचयाच्या एका कंपनीत बिनपगारी का होईना, इंटर्नशिप मिळते आहे. त्यात ही फोनवर अनोळखी माणसाशी बोलायला बुजते आणि मधल्या एका आठवड्यात अंतर्गत परीक्षा आहे. मोठा मुलगा ब्रिटनमध्ये मास्टर्स करतो आहे, त्यालाही तिथे असंच काम मिळतंय. दोघांना काय सांगू?

उत्तर: मुलीला काम घेऊ द्या. फक्त होकार कळवण्याआधी तिने एक गोष्ट विचारावी: मला कुठल्या टेबलावर बसवणार? कारण ‘विद्यार्थी सहायक’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी कामं असतात. काही मुलं फक्त समारंभाच्या दिवसापुरती घेतात, रांगा लावायला आणि दारावर उभं राहायला. तुमच्या डोळ्यांसमोर तेच काम आहे आणि त्याबद्दल तुमचं मत फारसं चुकीचं नाही. पण सहा आठवडे आधीपासून कुणी मुलं घेत असेल, तर ती खुर्च्यांसाठी नक्कीच नाही. ती कचेरीतल्या कामासाठी आहेत, आणि हे काम शिकण्यासारखं आहे.

प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला दिसतं ते एवढंच की नाव पुकारलं, मुलगी मंचावर आली, हस्तांदोलन झालं, फोटो निघाला. यामागे एक यादी असते. परीक्षा विभागाकडून उत्तीर्णांची नावं येतात. त्यातल्या कुणाची थकबाकी आहे, कोण प्रत्यक्ष येणार, कोण अनुपस्थितीत पदवी घेणार, कुणाला गाऊन कुठल्या मापाचा, कुणाबरोबर किती पाहुणे, कुणाची आजी व्हीलचेअरवर, ही माहिती वेगवेगळ्या अर्जांतून आणि ईमेलमधून त्या एकाच यादीत येऊन मिळते. आणि ही यादी शेवटच्या दिवसापर्यंत बदलत राहते. एखाद्याचा पुनर्मूल्यांकनाचा निकाल समारंभाच्या तोंडावर लागतो, एखादीला ऐनवेळी नोकरीतून सुट्टी मिळत नाही.

तुमची मुलगी वाणिज्य शाखेची आहे, म्हणजे एक्सेल तिने पाहिलेलं असणार. पण वर्गातलं एक्सेल वेगळं आणि इथलं वेगळं. नोंदणी क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर फाइल निष्काळजीपणे उघडली की पुढचं शून्य गायब होतं. मग तो विद्यार्थी दुसऱ्या यादीशी जुळतच नाही आणि ‘तुमचं नाव आमच्याकडे नाही’ असं उत्तर त्याला जातं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे फक्त आडनावांचा रकाना निवडून अकारविल्हे लावणं. आडनावं हलतात, बाकीचे रकाने जागच्या जागी राहतात. वरवर पाहता यादी ठाकठीक दिसते, पण प्रत्येक माणसाला दुसऱ्याचं आडनाव चिकटलेलं असतं. हे चार दिवसांनी लक्षात आलं, तर तोवर पास छापून गेलेले असतात. म्हणून मूळ प्रत बाजूला ठेवायची, प्रत्येक बदलाला तारीख आणि कुणी केला याची नोंद, नाव-आडनावावर न विसंबता क्रमांकावरून जुळवणी. एकाच नावाचे दोघे जवळपास प्रत्येक तुकडीत निघतात. या सवयी तिला बँकेत, मनुष्यबळ विभागात, लेखापरीक्षणात, कुठेही लागतील, आणि त्या पुस्तकातून लागत नाहीत.

आता नावांचं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठात परिचर्या शाखेच्या समारंभात नावं वाचणाऱ्या बाईंनी एकामागून एक नावांची दैना केली. अगदी साधी, रोजच्या कानावरची नावंही ओळखू येईनात. तो व्हिडिओ जगभर फिरला. विद्यापीठाने माफी मागितली आणि कारण दिलं ते असं: वाचणाऱ्याच्या हातातल्या कार्डांवर उच्चार ज्या पद्धतीने लिहिले होते, त्यामुळे घोटाळा झाला. हसं झालं मंचावरच्या बाईंचं, पण गडबडीचं मूळ कार्डात होतं. आणि अशी कार्डं कुणीतरी टेबलाशी बसूनच तयार करत असतं. उच्चार कसा लिहून घ्यायचा, तो मोठ्याने वाचून कसा तपासायचा, शंका आली तर विद्यार्थ्याला फोन करून त्याच्या तोंडून नाव कसं ऐकायचं, हे काम तुमच्या मुलीला मिळालं तर तिने ते हौसेने घ्यावं.

मंचामागेही एक गंमत असते. तीनशे जणांची रांग आहे आणि वाचणारा छापील यादीवरून वाचतोय. एक मुलगा ऐनवेळी बाहेर गेला आणि रांग पुढे सरकली. त्याच्यापासून पुढच्या प्रत्येकाला आपल्या आधीच्याचं नाव मिळणार. म्हणून अनेक ठिकाणी नावाचं कार्ड विद्यार्थ्याच्याच हातात देतात. तो येतो, कार्ड देतो, तेच वाचलं जातं. कित्येक समारंभांत मंचावर नुसतं रिकामं फोल्डर देतात आणि खरं प्रमाणपत्र नंतर खिडकीवर ओळखपत्र पाहून, त्याचंही कारण हेच. वेळेचा हिशोबही तिला करून पाहू द्या. माणशी आठ सेकंद धरले तर तीनशे जणांना चाळीस मिनिटं. दोन सेकंद वाढले की पन्नास. त्याच दिवशी दुसरा समारंभ असेल आणि पहिल्या तुकडीचे गाऊन परत घेऊन दुसरीला द्यायचे असतील, तर ही दहा मिनिटं कुठून आणायची हे आधीच ठरवावं लागतं. तालीम घेतात ती एवढ्यासाठी.

फोनची भीती. तुम्ही ती अडचण म्हणून लिहिली आहे. मला तर हे काम घेण्याचं तेच सगळ्यात मोठं कारण वाटतं. या टेबलावर येणारे फोन बहुतेक आनंदी माणसांचे असतात, पण हटून बसलेल्या माणसांचे. दोनच पास मिळणार आणि घरातले पाच जण यायला निघालेत. आईवडील विभक्त आहेत आणि दोघांना शेजारी बसवू नका. आडनाव लग्नानंतर बदललंय, प्रमाणपत्रावर नवं हवं. यातल्या बहुतेकांना ‘नाही’ सांगायचं असतं, आणि तेही अशा रीतीने की माणूस दुखावून फोन ठेवणार नाही. पहिल्या आठवड्यात ती अडखळेल. मग विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहून समोर ठेवेल. प्रश्न फिरून फिरून तेच येत असल्याने बुजऱ्या मुलांना हे काम बरं जमतं, हा माझा अनुभव आहे. एक वेगळा फोनही येऊ शकतो. शिक्षण पुरं होण्याआधी वारलेल्या विद्यार्थ्याची पदवी घ्यायला काही ठिकाणी आईवडील येतात. असा फोन आला तर तिने स्वतः निभावून नेण्याचा प्रयत्न करू नये. नाव-नंबर नीट लिहून घ्यावा आणि ताबडतोब वरिष्ठांकडे द्यावा. कुठला प्रश्न आपल्या पातळीचा नाही हे ओळखणं हेही काम शिकण्यातच मोडतं.

तुमच्या परिचयाच्या कंपनीबद्दल मला काही माहिती नाही, त्यामुळे तिला नावं ठेवत नाही. पण बिनपगारी आणि ओळखीतून मिळालेल्या इंटर्नशिपमध्ये पुष्कळदा असं होतं की मुलीला कुणी रागावत नाही आणि कुणी कामही देत नाही. महिनाभर ती कुणाच्या तरी शेजारी बसते, शेवटी प्रमाणपत्र मिळतं. इथे उलट आहे. समारंभाची तारीख हलत नाही, तिची चूक दिसते, आणि कामाचे पैसे मिळतात. कंपनीवाल्यांनी तिला नेमकं कोणतं काम देणार हे लिहून दिलं, तर पुढच्या सुट्टीत ती इंटर्नशिपही करू द्या. न दिल्यास समजायचं ते समजा.

या कामात खटकण्यासारखंही आहे, ते लपवत नाही. पहिले दोन आठवडे कंटाळवाणे जातात, नुसती नावं तपासणं. शेवटचा आठवडा पार दमवतो आणि घरी यायला उशीर होतो. कायम नोकरीचं दार यातून उघडेल अशी आशा तिने धरू नये; समारंभ संपला की टेबल उठतं. त्यामुळे रुजू होण्याआधी काही गोष्टी लेखी विचाराव्यात. तालमीच्या आणि प्रशिक्षणाच्या तासांचे पैसे धरतात का? समारंभ पुढे ढकलला गेला तर कराराचं काय? शेवटच्या आठवड्यात सुटण्याची वेळ कोणती आणि उशीर झाल्यास परतीची सोय कोण करतं? फोन कचेरीचा की स्वतःचा? स्वतःच्या मोबाइलवरून विद्यार्थ्यांना फोन करायला मी मुलींना साफ मनाई करते, मुलांनाही. परीक्षेचं म्हणाल तर तो आठवडा आधीच सांगून सुट्टी मागून घ्यावी. ज्या कचेरीचं कामच विद्यार्थ्यांचं आहे, तिने परीक्षेला सुट्टी नाकारली, तर हे काम सोडून द्यावं. तिथे माझा आग्रह संपला.

आणखी एक, जे मुलं हमखास विसरतात. तिच्यासमोर शेकडो जणांचे पत्ते, फोन, निकाल, आजारपणाच्या नोंदी असतील. त्या यादीचा फोटो काढायचा नाही, फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवायची नाही, मैत्रिणींच्या ग्रुपवर ‘बघा कोण नापास’ हे तर नाहीच. पुढे मुलाखतीत दाखवायला नमुना हवा असेल, तर तिने रिकामा तक्ता घेऊन त्यात काल्पनिक नावं भरावीत.

बायोडेटात ‘पदवीप्रदान समारंभात सहकार्य केलं’ एवढं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या मनातही तुमच्यासारख्याच खुर्च्या येतील. कामाची जात दिसली पाहिजे. उदाहरणार्थ: ‘पदवीधरांच्या यादीची नोंदणी क्रमांकावरून जुळवणी, दुबार आणि चुकीच्या नोंदी शोधून परीक्षा विभागाकडून दुरुस्त करून घेतल्या, पाहुण्यांच्या पासविषयी फोन आणि ईमेलला उत्तरं दिली.’ किती नावं, किती दिवसांत, हे आकडेही यावेत, पण जे तिने स्वतः केलं तेवढ्याचेच. त्यासाठी रोज घरी आल्यावर दोन ओळी वहीत लिहून ठेवायला सांगा, कारण महिन्यानंतर काही आठवत नाही. प्रमुखांकडून अनुभवाचं पत्र मात्र समारंभाच्या आधीच बोलून ठेवावं आणि नंतरच्या आठवड्यात हातात घ्यावं. त्यानंतर ते दुसऱ्या कामाला लागतात, आणि पत्र मिळालंच तरी सगळ्यांना एकच मजकूर छापून मिळतो.

आता थोरल्याचं. त्याच्या बाबतीत आधी व्हिसा पाहायचा, काम नंतर. ब्रिटनमध्ये पदवी किंवा त्यावरच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांचीच मुभा असते. आठवडा सोमवार ते रविवार धरतात. या आठवड्यात तीस आणि पुढच्यात दहा, म्हणजे सरासरी वीस, असा हिशोब चालत नाही. दुसरीकडे कुठे तो काम करत असेल, तर ते तासही यातच मोजले जातात. खरी मेख पुढे आहे. तिथले बरेच समारंभ जुलैत होतात. बी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना तेव्हा सुट्टी असते आणि ती पूर्णवेळ काम करू शकतात. मास्टर्सच्या मुलांचा उन्हाळा मात्र प्रबंध लिहिण्यात जातो आणि तो बहुधा सुट्टी म्हणून धरत नाहीत. शेजारच्या टेबलावरची बी.ए.ची मुलगी चाळीस तास करते म्हणून यानेही केले, तर व्हिसाचा नियम मोडतो, आणि तो विद्यापीठातच काम करत होता ही सबब होत नाही. हिवाळी समारंभापर्यंत त्याचा अभ्यासक्रम संपलेला असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर गोष्ट वेगळी. त्याने आपल्या ई-व्हिसावरच्या अटी वाचाव्यात, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला आपल्या सत्राच्या तारखा ईमेलवर विचाराव्यात आणि उत्तर जपून ठेवावं. स्वयंरोजगार म्हणून पैसे घ्यायला कुणी सांगितलं, तर त्याला सरळ नकार द्यावा. विद्यार्थी व्हिसावर ते चालत नाही. नोकर म्हणून रीतसर करार आणि आठवड्याला वीसच्या आत तास असतील, तर त्यानेही हे काम बिनदिक्कत घ्यावं. प्रबंधाची तारीख मात्र आधी पाहावी, कारण ती आणि जुलैची गर्दी फार दूर नसतात.