हरिकेन कमकुवत झाले की त्याचा मार्ग का बदलतो?
ऑगस्ट २०१८ मध्ये हवाई बेटांच्या रोखाने निघालेले ‘लेन’ हे पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीपर्यंत पोहोचलेले हरिकेन (चक्रीवादळ) थेट न आदळता पश्चिमेकडे का वळले, याचे उत्तर त्याच्या कमकुवत होण्यातच आहे. उंच, सुसंघटित वादळाला वातावरणाच्या जाड थरातील वारे वाहून नेतात. परंतु वरच्या थरातील जोरदार नैर्ऋत्य वाऱ्यांनी लेनचे ढग ईशान्येकडे ढकलल्यावर खाली उरलेला उथळ भोवरा पूर्वेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या ताब्यात गेला. त्यामुळे ही पडझड नेमकी केव्हा होईल, यावर वळणाची जागा अवलंबून होती, आणि अंदाजातली खरी अडचण तीच असते. वारा ओसरला तरी पाऊस मात्र ओसरला नाही. हवाईतील सर्वांत मोठ्या बेटावर, म्हणजे बिग आयलंडवर, काही ठिकाणी १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला.