थंडी सरली की अंगात हुरूप काऊन येते?

प्रश्न (एक ताई, सिंदेवाही तालुका) : भाऊ, पूस महिन्यात सकाळी गोधडीतून निघावंसंच वाटत नाही, अन् शिमगा जवळ आला की मी अन् सासूबाई दोघीही एकदम कामाला लागतो, सारवणं काय, मुंगवड्या काय, सरगुंडे काय. आमचे मालक म्हणतात हे मनाचे खेळ आहेत. खरं काय?

उत्तर : ताई, मालकाले सांगा, खेळ-बिळ काही नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला आपल्याकडं दिवस अकरा तासांच्याही आतच असतो, अन् मार्चच्या २०-२१ पर्यंत तो बारा तासांवर येतो, म्हणजे तासाभराहून जास्त उजेड वाढला ना. सकाळचा उजेड डोळ्यात गेला की झोप आणणारं मेलाटोनिन कमी होते अन् शरीराचं घड्याळ जागेवर येते. त्यात हातपाय आखडणारी थंडी गेलेली, तूर घरात आलेली, हरभरा काढणीला आलेला, अन् भाव बरा मिळाला तर मग काय बाप्पा, मालकालेही हुरूप येईल!

पण एक सांगतो, पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात, तो आपल्या कामाचा नाही. चंद्रपूरकडं एप्रिल-मेत पारा ४५ च्या आसपास जाते, तेव्हा कसला वसंत न कसलं काय. आपला वसंत माघ-फाल्गुनातच येऊन जाते. पळसाकडं पाहा ना, तो पाणी वाचवायले आधी पाला गाळते अन् मग खोडातल्या, खोल मुळातल्या ओलीवर फुलते, पानं आड नसली की साळुंक्या अन् शिंजीरांना फुलं लांबूनच दिसतात, वास नसला तरी चालते. तुम्हीही तसंच करा, पापड-कुरोड्या अन् घराची शाकारणी आत्ताच उरकून घ्या, सकाळी सकाळी. एप्रिलात दुपारी गच्चीवर कोण जाते?

प्रश्न : पळसाच्या फुलांचा रंग फिका येते, काय करू?

उत्तर : फुलं जास्त घ्या अन् उकळून रात्रभर तसंच राहू द्या. चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होते, पण लेकरं खेळणार असतील तर चुना बिलकुल नको, डोळ्यात जाते. फुलं सावलीत वाळवून ठेवली तर पुढच्या शिमग्यालाही कामी येतात.

प्रश्न (गडचिरोली जिल्हा) : मोहफुलं वेचायले किती वाजता जावं? आमची आजी म्हणते अंधारातच निघा.

उत्तर : आजीचं अर्धं बरोबर आहे, फुलं रात्रीतून पहाटेपर्यंत गळतात अन् ऊन चढलं की सुकतात, गाई-बकऱ्याही टपलेल्याच असतात. पण अस्वलालेही मोह लय आवडते, अन् तुमच्या भागात वाघही आहे, खाली वाकलेलं माणूस त्याले जनावरासारखंच दिसते. म्हणून दिसायला लागलं की निघा, तिघंचौघं मिळून, बोलत बोलत. अन् झाडाखालचा पाला जाळू नका जी, तीच आग पुढं जंगलात शिरते. झाडून घ्या, नाहीतर खाली नेट बांधा, फुलं स्वच्छ भेटतात अन् वाकायची कटकटही कमी.