विचारा की! ब्लॉग लिहिणाऱ्यांचे तीन प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत ब्लॉगवाल्यांचे प्रश्न जास्त होते, म्हणून सगळी जागा त्यांनाच देतोय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सोलापूरच्या खाण्यावर ब्लॉग लिहिते, बरीच वर्षं झाली. सुरुवातीला शेंगाचटणी कुटणाऱ्या मावशींवर लिहिलं, हुरड्यावर लिहिलं, कडक भाकरीवर लिहिलं, रात्री उशिरापर्यंत बसायचे पण कधी कंटाळा आला नाही. आता वाचणारे वाढले तसे हॉटेलवाले बोलवायला लागलेत, जेवण फुकट, वर थोडे पैसे, आणि जाताना 'मॅडम, जरा चांगलं लिहा'. जेवण ठीकठाक असलं तरी मी 'अप्रतिम' लिहून मोकळी होते. पण हल्ली लिहायला बसलं की हातच चालत नाही. सारखे आकडे बघते, कमी आले की दिवस वाईट जातो. बंद करू का हे सगळं? (जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, बंद करू नका, कारण काय बिघडलंय ते तुमच्या पत्रातच दिसतंय आणि ते दुरुस्त होण्यासारखं आहे. चटणीवर, भाकरीवर लिहिलं तेव्हा तुम्ही कुणाकडं तरी जाऊन, विचारून आला होता. शेंगा किती कुटल्या की तेल सुटतं, लसूण आधी घालायचा का नंतर, भाकरी कडक करायला तव्यावरून उतरवल्यावर काय करतात, हे तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं होतं. हॉटेलचं लिहिताना जाणून घ्यायचं काही नव्हतंच, काय लिहायचं ते घरातून निघायच्या आधीच ठरलेलं, मग हात कशाला चालेल? याला लोक आळस म्हणतात, मोटिव्हेशन गेलं म्हणतात आणि पहाटे पाचला उठायचे व्हिडिओ बघत बसतात. मला तसं वाटत नाही. तुमची उत्सुकता आहे तिथंच आहे, तिला काम मिळेना झालंय एवढंच.

आता पैशाचं बोलू. पैसे घेणं वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही, अक्कलकोट मंगळवेढा फिरायचं म्हटलं तर पेट्रोल लागतं आणि वेळही जातो. पण वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे, आणि हे आता नुसतं आपल्या मनावर राहिलेलं नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या आस्की या संस्थेनं २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम आणले, मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पैसे तर आलेच पण फुकट वस्तू, सवलत, फुकटचा मुक्काम, बक्षीस, इतकंच काय त्या धंद्यात आपल्या नात्यातलं कुणी असेल तर तेही सांगायचं असं आहे, आणि सांगायचं म्हणजे सहज दिसेल असं, हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी टाकून नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे आणि पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, तोही फक्त माल विकणाऱ्याला नाही, त्याची भलामण करणाऱ्यालाही. हे घाबरवायला सांगत नाही. मला यात तुमचीच सोय दिसते. लेखाच्या पहिल्याच ओळीत 'हे जेवण हॉटेलनं दिलं होतं' असं लिहिलं की मग पुढं 'रस्सा पातळ होता' लिहायला तुम्ही मोकळ्या.

हॉटेलवाल्याला जायच्या आधीच फोनवर सांगायचं, लेख छापण्याआधी दाखवणार नाही, आवडलं नाही तर तसं लिहीन, आणि जेवण तुमच्याकडून होतं हेही लिहीन. काही जण पुन्हा फोन करणार नाहीत, करू नयेत. जुन्या ज्या लेखांत 'अप्रतिम' लिहिलंय तिथं जाऊन ती ओळ बदला आणि वर जेवण फुकट होतं ते टाका, वाचक यानं तुटत नाहीत, जे मनापासून वाचतात त्यांना अशा लेखातली भाषा कधीच खटकलेली असते.

आकड्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला सगळ्यात काळजीचं वाटलं. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये छापून आला होता. चित्रं काढायची मुळातच आवड असलेली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. थोड्या दिवसांनी वर्गात रंगीत पेन नुसतेच ठेवले आणि कोण किती वेळ खेळतं ते बघितलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. आवड होतीच, पण ती आता बक्षिसाची झाली आणि बक्षीस नाही म्हटल्यावर पेन पण नको झाले. ज्यांना अचानक मिळालं त्यांचं काही बिघडलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे कौतुक वाईट नाही, कौतुकासाठी बसणं वाईट. तुम्ही लेख टाकायच्या आधीच किती बघतील याचा हिशोब करता ना, तिथं हेच होतंय. आकड्यांचं अ‍ॅप फोनवरून काढून टाका. महिन्यातून एकदा कॉम्प्युटरवर बघा, आणि बघताना किती जण आले यापेक्षा कुठल्या लेखावर लोकांनी पुढचं विचारलं, पत्ता मागितला, 'आमच्याकडं असं करत नाहीत' म्हणून भांडले, ते बघा.

विषयाचं म्हणाल तर सोलापुरात राहून खाण्याचे विषय संपले असं कसं होईल? मार्गशीर्ष अमावास्येला येळवस, म्हणजे शेतातला वेळ अमावास्येचा सण असतो, अक्कलकोट दक्षिण सोलापूरकडं जा, शेतात बसून भज्जी, आंबील, उंडे खाताना लोक काय काय सांगतात ते ऐका, पुण्या-मुंबईच्या कितीतरी वाचकांनी हा सण ऐकलेलाही नसेल. मग भोगी, मग सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, यात्रेतल्या खाण्यावर तर कुणी नीट बसून लिहिलंच पाहिजे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे सगळे लिहितात, पण हुरड्यासाठी शेतकरी गूळभेंडी जातीची ज्वारी का धरतात, भाकरीची ज्वारी आणि हुरड्याची ज्वारी यात फरक काय, हे कुणी आगटीजवळ बसून विचारलंय का? जे तुम्हाला आज माहीत नाही असं एकच काहीतरी ठरवा आणि ते विचारायला जा, लिहायचं नंतर बघू. आणि महिनाभर काही टाकलं नाही तरी चालतंय, दर दोन दिवसांनी काहीतरी टाकलंच पाहिजे हा नियम कुणी केलाय?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, शहराच्या इतिहासावर ब्लॉग लिहितो. नातवानं मोबाइलवर एआय दाखवलं, विषय सांगितला की पाच मिनिटांत लेख तयार आणि भाषाही माझ्यापेक्षा सफाईदार. वापरावं का? माझ्या लिहिण्यात मग माझं काय राहील? (बाळीवेस)

उत्तर : सर, बोलून टाइप करायला, शुद्धलेखन बघायला खुशाल वापरा, त्यात काही गैर नाही. पण इतिहासाचा मजकूर त्याच्याकडून घेऊ नका. ते यंत्र खरं आणि चूक दोन्ही तेवढ्याच ठामपणे लिहितं, साल बदलतं, नाव बदलतं आणि वाक्य इतकं गुळगुळीत असतं की शंका येत नाही. १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, हे या गावातली पोरं दरवर्षी भाषणात सांगतात, आणि आता ती पोरं तुमचा ब्लॉग बघून भाषण लिहिणार. तिथं एक तारीख चुकली तर ती शाळाशाळांत जाईल.

तुमचं काय राहील म्हणता, तर तुमच्याकडं जे आहे ते कुठल्याच यंत्राकडं नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलमध्ये ज्यांचे आजोबा-पणजोबा कामाला होते अशी किती मुलं तुमच्या हाताखालून गेली असतील, त्यांच्या घरी जा, कागद बघा, म्हातारी माणसं आहेत तोवर बोलून घ्या. १८८४ चं सोलापूरचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वाचला नसेल तर तो वाचा आणि घरातली आठवण त्याच्याशी पडताळून बघा, जुळलं नाही तर दोन्ही तसंच लिहा. वाक्य ओबडधोबड राहिलं तर राहू दे सर.

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे, छोटाच, घरात तेलुगू बोलतो. मला ब्लॉग चालू करायचाय. मित्र म्हणायलेत शेअर मार्केट नाहीतर मोबाइलवर लिही, कारखान्याचं कोण वाचतंय. दोन लेख लिहून पण बघितले मोबाइलवर, मलाच बोर झालं. आणि माझं मराठी असं सोलापुरी, पुण्याची पोरं हसतात. काय करू? (अशोक चौक)

उत्तर : कारखान्यावर लिही मित्रा, डोळे झाकून लिही. मोबाइलवर लिहिणारे हजारो आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तो मोबाइल हातात पण घेतलेला नसतो, कंपनीनं दिलेली माहिती फिरवून लिहितात, तुला बोर झालं यात तुझी चूक नाही. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय आहे, देशभर लोक रोज सकाळी टॉवेल वापरतात, आणि त्याच्यावर ते फासे, म्हणजे सुताचे बारीक वळसे, कसे उभे राहतात हे शंभरातल्या किती जणांना माहीत असेल? तुला ते लहानपणापासून दिसतंय. टॉवेलला दोन ताणे (लांबीचे उभे धागे) असतात, एक घट्ट ताणलेला आणि एक सैल, बाण्याचे (आडवे) दोन-तीन धागे जरा मागं थांबवून मग एकदम पुढं ठोकले की सैल ताण्याचे फासे वर येतात, हे तू तुझ्या भाषेत, तुझ्या मागाचे फोटो लावून समजावलंस तर इंजिनियरिंगची पोरं पण वाचतील. चादरीवर नक्षी उतरवणाऱ्या जकार्डच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, त्यावरून मोर कसा उतरतो. कांडी (बाण्याचं सूत गुंडाळायची नळी) भरणारी बाई दिवसभरात काय काय बघते. सुताचा भाव वाढला की घरात काय बोलणं होतं. एवढं सगळं दारात आहे.

मराठीचं टेन्शन घेऊ नकोस. तू घरात तेलुगू, गल्लीत दखनी, बाजारात कन्नड ऐकत वाढलायस, ते सगळं तुझ्या मराठीत येणारच आणि आलंच पाहिजे. मी एवढंच बघीन की वाचणाऱ्याला कळतंय का. बीम (ताणा गुंडाळायचा रूळ), धोटा (बाणा इकडून तिकडं नेणारा), कांडी असे शब्द बाहेरच्याला ठाऊक नसतात, पहिल्यांदा आले की अर्ध्या ओळीत सांगून टाकायचं आणि पुढं जायचं. हसणाऱ्या पोरांसारखं लिहायला गेलास तर मात्र चार लेखांत दमशील, कारण प्रत्येक वाक्य आधी मनात यायचं एक आणि लिहायचं दुसरंच.

फक्त एक जपून कर. खरं लिहायचं म्हणून दुसऱ्याचं घर उघडं करू नकोस. कामगाराची मजुरी, कुणाची उचल, कुणाचं दुखणं, शेजारच्या कारखान्याचं कर्ज, यातलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय टाकायचं नाही, आणि विचारलं तरी लिहिलेलं आधी त्याला वाचून दाखवायचं, मराठी वाचता येत नसेल तर तेलुगूत सांगायचं, नको म्हणाला तर काढायचं. तुझं नाव लेखावर असतं पण रोजी त्याची असते. कारखान्याचा पहिला लेख त्या दोन ताण्यांवरच लिही, आणि फोटो काढायला माग बंद करून घे, चालू मागावर धोट्याजवळ मोबाइल नेऊ नकोस.