उन्हाळ्यातील ठासणीची रायफल आणि वाळणारी चिंधी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी दुधाळी येथील रेंजवर पॉइंट टू टू रायफलने नियमित सराव करतो. माझे थोरले बंधू अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक असून तेथील क्लबात ते परवानगीने ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरायची, रायफल चालवतात. गेल्या उन्हाळ्यात मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. शिशाच्या गोल गोळीखाली ठेवायच्या कापडी चिंध्या आम्ही साबणाच्या पाण्यात भिजवून डबीत ठेवत होतो, परंतु दुपारच्या उन्हात त्या पाहता पाहता वाळत. चार-पाच बार झाले की गोळी नळीत अर्ध्यावर अडू लागे आणि निशाणावरील छिद्रेही विखुरत. काही मंडळी चिंधी तोंडात धरून ओलावतात, पण मला ते प्रशस्त वाटत नाही. चिंध्या ओल्या राखण्याची खात्रीची पद्धत कोणती? तसेच आमच्या उद्यमनगरातील कारखान्यात लेथसाठी वापरतात ते पाण्यात मिसळणारे तेल यासाठी चालेल काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : कोरड्या आणि कडक उन्हात चिंधीवरचे पाणी टिकवण्याची खटपट सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चिंधीला न वाळणारे वंगण द्यावे आणि पाण्याचे काम दोन बारांच्या मधल्या पुसण्याकडे सोपवावे. आपली अडचण मुख्यतः या दोन कामांची गल्लत झाल्यामुळे उद्भवली आहे.

कारण समजून घेण्यासाठी बंदुकीच्या दारूकडे पाहावे लागते. काळ्या दारूत साधारणपणे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असते, आणि ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने घनच राहतो. त्यातला काही धुरावाटे बाहेर पडतो आणि उरलेला नळीत बसतो. आपल्या पॉइंट टू टूच्या काडतुसात धूरविरहित दारू असते व तिचा अवशेष फार थोडा असतो, म्हणून नेमबाज स्वप्नील कुसाळे यांना २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवून देणाऱ्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारातील सवयी येथे पुरेशा पडत नाहीत. काळ्या दारूचा हा अवशेष हवेतील ओलावा शोषून घेतो. कोल्हापूरच्या जुलैतील हवेत तो लिबलिबीत राहतो आणि ठासताना चिंधीबरोबर सहज सरकतो. परंतु एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, त्यातही नळी तापलेली असताना, पातेल्याच्या तळाला धरलेल्या खरपुडीसारखा तो नळीच्या आट्यांत (गोळीला फिरवणाऱ्या आतील नागमोडी खाचांत) कडक बसतो. चिंधीचे काम गोळीला आट्यांत घट्ट धरून फिरवणे, मागचा वायू अडवणे आणि जाता जाता हा थर मऊ करणे हे आहे. चिंधी वाळली की तिसरे काम होत नाही आणि लवकरच पहिली दोन्हीही बिघडतात, कारण कोरडे कापड गोळी झाडताना जळते किंवा फाटते.

यापुढे काही सांगण्याआधी एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधणे मला अत्यंत आवश्यक वाटते. आपण लिहिले आहे की गोळी अर्ध्यावर अडते. अशी गोळी दारूवर पूर्ण टेकलेली नसताना बार काढला, तर मधल्या पोकळीमुळे ती नळीतील अडथळा ठरते आणि नळी फुगू किंवा फुटू शकते. नळी रिकामी असताना एकदा आणि दारूचा योग्य भार व गोळी बसवल्यावर एकदा, अशा दोन खुणा गजावर (ठासण्याच्या दांड्यावर) करून ठेवाव्यात. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी आल्याखेरीज कॅप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवू नये. गोळी अडलीच तर कॅप काढून ठेवावी, नळीचे तोंड सुरक्षित दिशेला असावे, आणि रेंजवरील अधिकाऱ्याला सांगून ती गोळी स्क्रूने ओढून काढावी. जोर लावून गजावर ठोकत बसणे किंवा “निघून जाईल” म्हणून बार काढणे, हे दोन्ही टाळावे.

आता वंगणाविषयी. थुंकी, पाणी किंवा साबणाचे पाणी ही ओली वंगणे थर उत्तम विरघळवतात, आणि चिंधी ओलावल्यावर लगेच बार काढायचा असेल तेव्हा त्यांना तोड नाही. परंतु रेंजवर आदेशाची वाट पाहत उभे राहावे लागते. तेवढ्या वेळात डबीतील चिंधी वाळते, आणि नळीत भरून ठेवलेली चिंधी एकतर तापलेल्या धातूवर सुकते किंवा आपली ओल खालच्या दारूला देते. म्हणजे एकाच कारणाने गोळी कधी अडेल आणि कधी बार फुसका जाईल. तोंडात चिंधी धरण्याबद्दलचा आपला संकोच रास्त आहे. ज्या बोटांनी आपण शिशाची गोळी हाताळतो तीच बोटे तोंडाशी जातात, आणि शिसे शरीरात साठणारे विष आहे.

उन्हासाठी चरबी, वनस्पतिज तेल आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण अधिक भरवशाचे ठरते, कारण त्यांचे बाष्पीभवन जवळजवळ होत नाही. मात्र येथेही उन्हाळा आपला हिशेब मागतो. खोबरेल सुमारे २४ अंशांनाच पातळ होते, आणि बोकडाची चरबी पन्नाशीच्या अलीकडेच वितळू लागते. गाडीत किंवा उघड्या टेबलावर ठेवलेल्या डबीत ती वितळून तळाशी जमते, वरच्या चिंध्या कोरड्या राहतात आणि खालच्या ठिबकतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांपर्यंत घट्ट राहते, म्हणून उन्हाळ्यात मेणाचे प्रमाण वाढवावे आणि हिवाळ्यात कमी करावे. एरंडेल चांगले, कारण ते घट्टसर असते आणि उघड्यावर वाळून चिकट होत नाही. जवसाचे तेल मात्र अजिबात वापरू नये: ते हवेत सुकून पापुद्रा धरते, आणि त्यात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा स्वतःच तापून पेट घेऊ शकतो. साधे इंजिन ऑईलही नको. खनिज तेल आणि दारूचा अवशेष एकत्र जळून डांबरासारखा थर बसतो, असा ठासणीच्या नेमबाजांचा सर्वसाधारण अनुभव आहे. मेण व चरबी वितळवायची असेल तर भांडे थेट जाळावर न ठेवता गरम पाण्यात ठेवावे, आणि दारू त्या खोलीत नसावी.

लेथच्या तेलाचा आपला प्रश्न मला विशेष आवडला, कारण त्यामागचा तर्क अचूक आहे. पाण्यात मिसळताच दुधासारखे होणारे असे तेल अमेरिकेतील नेमबाज खरोखर वापरतात. साधारण सहा किंवा सात भाग पाण्यात एक भाग तेल मिसळून त्यात कापडाच्या पट्ट्या भिजवतात आणि मग त्या पूर्ण वाळू देतात. पाणी उडून जाते आणि तंतूंत मोजके, एकसारखे तेल मागे राहते. उन्हात वाळण्याची आपली तक्रार या पद्धतीत निकालात निघते, कारण चिंधी मुळातच वाळवलेली असते. एक बारकावा पाळावा. पट्ट्या दोरीवर टांगू नयेत, आडव्या पसरून वाळवाव्यात, अन्यथा तेल खालच्या टोकाला उतरते आणि एकाच पट्टीतील चिंध्या वेगवेगळ्या वागतात. हे तेलही खनिजच असते हे खरे, परंतु त्यातील पाण्याशी जुळणाऱ्या घटकामुळे त्याचा थर ओल्या चिंधीने निघतो. कारखान्यातील टाकीत वापरून झालेले तेल मात्र घेऊ नये. त्यात धातूचा बारीक कीस असतो आणि तो आट्यांना घासेल. कोरे तेल हाताळतानाही हातमोजे घालावेत. ही पद्धत सरावाला उत्तम असली, तरी तिने थर मऊ होत नाही, त्यामुळे पुसण्याचा नियम अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो.

पुसणे म्हणजे दर बारानंतर, किंवा फार तर दोन बारांनंतर, किंचित ओलसर चिंधी नळीत एकदा खाली नेऊन वर आणणे आणि मागोमाग कोरडी चिंधी फिरवणे. ओलसर म्हणजे पिळून काढलेली. ठिबकणारी चिंधी काळे पाणी तळाशी ढकलते, कॅपच्या वाटेत चिखल होतो, आणि पुढचा बार उडत नाही. पुसल्यामुळे आणखी एक लाभ होतो: नळीत धुमसत राहिलेला एखादा कण विझतो आणि पुढची दारू ओतताना तिने पेट घेण्याचा धोका कमी होतो. दारू कधीही मोठ्या भांड्यातून थेट नळीत ओतू नये. वेगळ्या मापाने एका बारापुरतीच ओतावी.

कापडाबद्दल कोल्हापूरकरांना फार लांब जाण्याची गरज नाही. शुद्ध सुती आणि घट्ट विणीचा गादीपाट यासाठी उत्तम, आणि इचलकरंजीचे मागही जवळच आहेत. मात्र सुती म्हणून विकल्या जाणाऱ्या कापडात पॉलिएस्टरचे मिश्रण सर्रास असते, म्हणून एक धागा जाळून पाहावा. सूत जळून भुसभुशीत राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, आणि तो आट्यांत चिकटावा असे कोणालाही वाटणार नाही. नवे कापड दोनदा धुऊन त्यातील खळ काढावी, नाहीतर वंगण आत मुरत नाही. अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी सुमारे १२.४५ मिलिमीटरची गोळी आणि ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाडीची चिंधी ही प्रचलित जोडी आहे. धुतल्यावर कापड आटून जाड होते, तेव्हा जाडी धुतल्यानंतर मोजावी.

ओल्याच चिंध्या वापरायचा आपला आग्रह असेल तर घट्ट झाकणाची छोटी डबी घ्यावी, एका वेळी सात-आठच चिंध्या तीत ठेवाव्यात, डबी ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावी आणि रायफलही सावलीतच असावी. पाण्यात थोडे ग्लिसरीन घातल्यास ओल अधिक वेळ टिकते. या उपायांनी वाळणे लांबते, थांबत नाही.

आपले काम बरोबर चालले आहे की नाही हे झाडलेल्या चिंध्याच सांगतात. रेंज बंद झाल्याचा आदेश मिळाल्यावर पुढे काही मीटरांवर पडलेल्या चिंध्या गोळा कराव्यात. कडा थोड्या झिरमिळ्या झालेल्या पण मधला भाग अखंड असेल तर वंगण पुरेसे आहे. मध्यभागी जळून भोक पडले असेल तर चिंधी कोरडी किंवा पातळ आहे, आणि आट्यांच्या रेषेत कापली गेली असेल तर नळीच्या तोंडाची धार तपासावी. गोळा करण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. धुमसती चिंधी सुक्या गवतावर पडली तर वणवा लागतो. आपल्याकडच्या डोंगरांवर मार्च-एप्रिलमध्ये ठिणगीने काय होते हे आपण जाणताच. पाण्याची बादली आणि ओले पोते फायरिंग लाइनजवळ असावे.

प्रश्न : १८५७ साली ३१ जुलैला कोल्हापुरात २७व्या पलटणीने उठाव केला, त्याविषयी वाचताना एन्फिल्ड काडतुसाच्या चरबीचा उल्लेख येतो. त्या चरबीचा उपयोग नेमका काय होता?
— एक विद्यार्थिनी, शिवाजी पेठ

उत्तर : वरच्या उत्तरात चिंधीचे जे काम सांगितले आहे, जवळजवळ तेच. १८५३च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीची गोळी लांबट होती आणि तिला कापडाऐवजी काडतुसाच्या कागदाचाच वेढा असे. शिपाई वरचे टोक दाताने फाडून दारू ओतत, मग उरलेले काडतूस उलटे करून कागदासह गोळी ठासत. त्या कागदाच्या गोळीकडच्या भागाला वंगण नसते तर थोड्या बारांनंतर नळीत बसलेल्या थरामुळे गोळी खाली जाणे अवघड झाले असते. तांत्रिक गरज खरी होती, परंतु ती गायीच्या वा डुकराच्या चरबीनेच भागवण्याचे कारण नव्हते. पुढे शिपायांनी स्वतःचे तूप, तेल व मेण वापरावे अशी मुभा देण्यात आली, पण तोवर विश्वास उडालेला होता.

प्रश्न : माझ्याकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. तिच्यासाठी अशा वंगणाच्या चिंध्या वापराव्यात का?
— एक शेतकरी वाचक, आजरा

उत्तर : आपली बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची, छर्ऱ्यांची असेल. तिच्यात आटे नसतात, म्हणून चिंधीची गरज नाही. दारूवर आणि छर्ऱ्यांवर बोळा असतो. पुसण्याचा, गजावरील खुणांचा आणि सुक्या गवताचा नियम मात्र आपल्यालाही तंतोतंत लागू आहे, कारण कागदी बोळा चिंधीहून लवकर पेटता राहतो. पावसाळा सुरू होण्यापूर्वी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून तेलाचा पातळ हात द्यावा. आजऱ्याच्या पावसात नळीत राहिलेला क्षार थोड्याच दिवसांत लोखंडाला गंज चढवतो. दारू परवान्यात नमूद केलेल्या मर्यादेतच बाळगावी आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावी, घरी बनवू नये.